प्लॅनमधलं पिवळं

प्लॅन हा शब्द मराठी घरांत आता पुरता रुळला आहे. सुट्टीचा प्लॅन ठरतो आणि आयत्या वेळी बारगळतो, मोबाइलचा प्लॅन संपतो, विम्याचा कोणता प्लॅन घ्यावा यावर जेवणं उरकल्यावर खल चालतो. भावकीत कुणी डाव साधला की ‘हे सगळं प्लॅन करून केलं’ असा आरोपही याच शब्दाने होतो. जेवणाचा मात्र अजून बेतच असतो. तो तसाच राहावा, असं मला मनापासून वाटतं.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो घराचा प्लॅन. जमिनीपासून साधारण चार फुटांवर घर आडवं कापलं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि सरळ खाली पाहिलं, तर जे दिसेल ते या कागदावर असतं. म्हणून भिंतींची जाडी कळते, खिडक्या कळतात, दार कुठल्या अंगाला उघडतं ते पाव वर्तुळावरून कळतं. एकास शंभर प्रमाणात कागदावरचा सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा मीटर. घरातली माणसं त्यावर बोटाने चालू लागतात. ओट्यापासून फ्रिज किती पावलं, दिवाण या भिंतीला बसेल का, देवघरात दोघांना बसता येईल ना? पायाही खणलेला नसतो आणि घरात वावर सुरू झालेला असतो.

मंजुरीसाठी जाणाऱ्या प्लॅनचे रंग ठरलेले असतात. प्लॉटची हद्द जाड काळी, उभं असलेलं बांधकाम काळ्या रेषेत, नवं सगळं लाल. जे पाडायचं, त्यावर पिवळ्या तिरप्या रेघा. आमच्या वाड्याचा असा प्लॅन आला, तेव्हा काकू चष्मा लावून त्यावर वाकली. लाल खोल्यांवर तिची नजर फार ठरली नाही. पिवळ्या रेघांखाली तिने एकेक जागा ओळखली: हे माजघर, ही बाळंतिणीची खोली, हा चौक. मग तिने आर्किटेक्टला विचारलं, “अहो, आणि दिव्याचा कोनाडा?” कोनाडा त्या कागदावर जेमतेम तीन मिलिमीटरचा. त्या भल्या माणसाने पेन्सिल घेतली आणि नव्या जिन्यालगतच्या भिंतीत तेवढी खाच काढून दिली. तेव्हापासून कुठलाही प्लॅन हाती आला की मी आधी पिवळं शोधतो.

देशाच्या प्लॅनमध्येही ते सापडतं. नियोजन आयोग 1950 साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ 1967 ते 1971 या काळात आयोगाचे उपाध्यक्ष होते. आयोगाच्या काळात कचेऱ्यांमध्ये खर्चाचे दोन कप्पे रूढ झाले, प्लॅन आणि नॉनप्लॅन. नवी शाळा, नवा कालवा प्लॅनमध्ये. आधी बांधलेल्याची डागडुजी बहुतेक नॉनप्लॅनमध्ये. प्लॅनचा आकडा फुगावा अशी सगळ्यांचीच ओढ, त्यामुळे देखभालीची आबाळ व्हायची. 2017-18च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हा भेद गेला. तो फार आधी जायला हवा होता. गळकं छप्पर शाकारणं हेही नियोजनच आहे.

हे पॅट्रिक गेडिसला शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला 1915 मध्ये. त्याच सुमारास हा स्कॉटिश माणूस भारतातली शहरं पायी हिंडत होता. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्याच्या हाती आला. रुंद, सरळ रस्त्यासाठी अख्खी वस्ती पाडायला त्याचा ठाम विरोध होता. आधी गल्ल्या पाहा, अगदीच मोडकळीला आलेली घरं तेवढी काढा, त्या मोकळ्या जागेत झाडं लावा, विहिरी आणि तळी बुजवू नका, असं तो शहरामागून शहराच्या अहवालात लिहीत राहिला.

आजही शहराचा विकास आराखडा, म्हणजे डीपी, जाहीर झाला की माणसं नकाशाकडे धावतात. आपला प्लॉट ‘डीपीत गेला’ का, एवढंच बघून परततात. हरकती-सूचनांची मुदत तोवर चालू असते आणि अर्ज साध्या कागदावरही चालतो. मी गल्लीतल्या सगळ्यांना सांगत असतो, जरा थांबा, त्या नकाशावर आपली गल्ली बोटाने चाला आणि जे दिसत नाही ते लिहून द्या: इथे पिंपळाचा पार आहे, इथे सकाळी भाजीवाल्या बसतात, ही विहीर मे महिन्यातही आटत नाही.