बोटांच्या गाठी आणि खुब्याचं हाड

माझ्या आईच्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठी होत्या. पाळी गेल्यानंतर तशाच माझ्याही बोटांवर आल्या. सुरुवातीला त्या लाल होऊन ठणकायच्या. पुढे ठणका ओसरला आणि बोटं तिरकी राहिली. खरा त्रास अंगठ्याच्या मुळाशी. बरणीचं झाकण फिरवताना, ओली चादर पिळताना तिथून कळ निघते ती मनगटापर्यंत जाते. भाकरी अजून थापते, पण लहान.

ओळखीच्यांनी आमवात समजून काढे सुचवले. रक्तात आमवाताचं काही निघालं नाही. ही सांध्यांची झीज, असं डॉक्टरांनी सांगितलं. कूर्चा झिजते, सांध्याच्या कडेला नवं हाड धरतं, तीच ही गाठ. विल्यम हेबरडेन या अठराव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांचं नाव तिला आजही आहे.

घरात मात्र सगळे म्हणायचे, हाड वाढतंय म्हणजे हाडं भक्कमच की! हे अगदीच निराधार नाही. खुब्याची किंवा गुडघ्याची झीज झालेल्यांमध्ये हाडांची घनता बऱ्याचदा जास्त आढळते. हातांच्या झिजेबद्दल मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. बोटांच्या गाठींवर विसंबून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

आईचा खुबा न्हाणीघरात घसरून मोडला होता. ते कळताच डॉक्टरांनी मला डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी करायला लावली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडांच्या तुलनेतला घनतेचा आकडा, आला उणे ०.८, म्हणजे चांगला. खुब्याचा आला उणे २.६. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. एकाच बाईचे असे दोन आकडे पाहून मी घाबरलेच. डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून दाखवलं : मणक्यांच्या कडांनाही बोटांसारखंच हाड वाढलं होतं. यंत्र तेही मोजतं, म्हणून तिथला आकडा फुगतो. नुसता मणका बघितला असता तर मला कुणी औषध दिलंच नसतं.

आता आठवड्यातून एकदा गोळी घेते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. बोटांना तिचा उपयोग नाही. अंगठ्याला आधाराचा पट्टा बांधते.

बायांनो, पाळी जाऊन वर्षं झाली असतील, आईचा खुबा मोडला असेल, तर डॉक्टरांना घनतेच्या तपासणीबद्दल विचारा. आणि अहवाल हातात आला की खुब्याचा आकडा वेगळा वाचून घ्या.