तिसऱ्या, म्हाकूल आणि वली

मालवणचे आम्ही शाफई. घाट चढून कोल्हापूरला गेले की भेटणारे सुन्नी बहुतेक हनफी असतात. इकडे कोकणी मुसलमानांत, पुढे भटकळात आणि केरळात मात्र शाफईच अधिक. हनफी मजहब मध्य आशियातून आलेल्या राज्यकर्त्यांबरोबर खुश्कीच्या मार्गाने आला, आमचा अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. चौदाव्या शतकात इब्न बतूताला होन्नावरचे मुसलमान शाफईच आढळले. माहीमचे मखदूम अली (मृत्यू १४३१) हेही त्याच मजहबाचे.

समुद्रावाटे आलेल्या मजहबाने समुद्रच हलाल करून टाकावा, याचे आम्हांला मोठे अप्रूप. हनफी मतात पाण्यातला मासाच तेवढा चालतो; कोळंबी मासा की नव्हे यावर त्यांच्यात वाद आहे, तिसऱ्या आणि म्हाकूल तर वर्ज्यच. शाफई मतात समुद्रातले बहुतेक सारे चालते. (कुर्ली जमिनीवरही जगते म्हणून इमाम नववींनी ती निषिद्धांत घातली आहे, ते कलम आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेले नाही.)

पण मजहबाचा संबंध ताटापुरता नाही. हनफी मतात सज्ञान मुलगी आपला निकाह आपण करू शकते. शाफई मतात वलीवाचून, म्हणजे बाप किंवा तत्सम पालकावाचून, तो वैधच होत नाही. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे 'मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद' हा खटला आला. शाफई घरातल्या, वयात आलेल्या मुलीने हनफी मत स्वीकारले आणि बापाच्या संमतीवाचून लग्न केले. मत बदलण्याचा तिला अधिकार आहे आणि त्यानंतरचे लग्न वैध आहे, असे न्यायालयाने ठरवले.

हा निकाल आम्ही घरी सांगितला की वडीलधारे म्हणतात, सोयीपुरता मजहब बदलणे हा दीनशी खेळ झाला. आक्षेप पोकळ नाही. निरनिराळ्या मजहबांतल्या सवलती वेचत फिरणाऱ्याला जुन्या फकिहांनीही बोल लावलेला आहे. मात्र घाटावरून आलेल्या हनफी सुनेपुढे तिसऱ्यांचे सुके ठेवताना हेच वडीलधारे 'आता तू आमच्यातली, खा' असे प्रेमाने सांगतात. तिनेही मजहबच बदलायचा असतो, फक्त तो सासरच्या सोयीने. आमच्या मते सुनेला ते ताट बाजूला सारण्याची मोकळीक हवी, आणि मुलीला १८६४ सालच्या त्या मुलीची वाट धरण्याचीही. आमच्याच घरात यावर अजून एकमत नाही.