कॅमेरा कुठं लावायचा?

फाल्गुन पौर्णिमेला काठीत कॅमेरे येतात. अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्याच्या डोंगरातलं हे गाव. इथल्या राजवाडी होळीची परंपरा 1246 सालापासूनची सांगतात. रात्रभर ढोल आणि पावरी, मोरपिसांचे टोप घातलेले बावा-बुध्ये, आणि पहाटे पेटणारी होळी. वृत्तवाहिन्यांना याहून देखणं चित्र कुठं मिळणार? बातमी चालते आणि त्या भागाचा वर्षाचा कोटा संपतो. याच मुलखातल्या आश्रमशाळांची मुलं आदिवासी विकास विभागाच्या तळोदा प्रकल्पाच्या क्रीडा स्पर्धांत कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, जीव तोडून धावतात. थेट प्रक्षेपणाची गाडी तिकडं वळत नाही. नाचणारे पाय टीव्हीवर येतात, धावणारे येत नाहीत.

काय दाखवायचं ही निवड अशी आधीच होते, प्रेक्षकाचा राग मात्र समालोचकावर असतो. हा मुंबईचेच गोडवे गातो, तो चेन्नईचाच भक्त आहे, वगैरे. खेळाच्या प्रक्षेपणात काम करणाऱ्याला ही तक्रार ऐकून हसू येतं. समालोचक बोलतो ते समोरच्या मॉनिटरवर दिसणाऱ्या चित्रावर. मॉनिटरवर काय दिसायचं ते ओबी व्हॅनमधला दिग्दर्शक ठरवतो, आणि त्याला निवडता येतं ते फक्त कॅमेऱ्यांनी पाठवलेल्या चित्रांतून. कॅमेरे किती आणि कुठल्या सामन्याला, हे काही महिने आधी कुठल्या तरी बैठकीत ठरलेलं असतं. पक्षपात तिथंच उरकलेला असतो. समालोचक बिचारा त्यावर फक्त आवाज चढवतो.

त्या बैठकीमागचं गणित उघड आहे. 2022 च्या लिलावात आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांना 48,390 कोटी रुपये मिळाले. त्यातले 23,575 कोटी एकट्या भारतातल्या टीव्हीचे, म्हणजे एका सामन्याला साडेसत्तावन्न कोटी. एवढे पैसे मोजणारा ते जाहिरातदारांकडून वसूल करणार, आणि जाहिरातदार प्रेक्षक मोजणारं मीटर बघणार. आता मीटर कुठं होतं ते बघा. 2015 च्या ऑक्टोबरात टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली, तोवर देशाच्या टीव्ही मोजणीत खेडं जवळजवळ नव्हतंच. पुढं खेडं आलं, पण महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजारपेठ धरली जाते. काठी, वांद्रे आणि पणजी एकाच बेरजेत. अशा बेरजेत काठीचा आवाज किती ऐकू येणार?

खो-खोचं उदाहरण तर मराठी माणसानं मुद्दाम बघावं. या खेळाचे नियम 1914 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधून दिले. सांगली, सोलापूर, धाराशिव, पुणे इथल्या मैदानांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरवले. ऑगस्ट 2022 मध्ये बालेवाडीत ‘अल्टिमेट खो खो’ ही लीग सुरू झाली तेव्हा संघ होते सहा, आणि त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला आला एक: मुंबई खिलाडीज. पुणे नाही, सांगली नाही. पुण्याचा प्रतीक वाईकर तेलुगू योद्धाजकडून खेळला, वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नईकडून. खेळाडू मिळाले याचा आनंदच आहे. पण संघाच्या नावासाठी माती लागत नाही, बाजार लागतो, हेही तेव्हा दिसलं.

तरीही या लीगनं कारागिरीचा एक मोठा प्रश्न धीटपणे अंगावर घेतला. खो-खो दाखवायला अतिशय अवघड खेळ आहे. आठ जण आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करतोय, आणि समोर तिघांची तुकडी पळतेय. नवखा दिग्दर्शक पाठलाग करणाऱ्याचा क्लोजअप पकडून बसतो. तो चेहरा घामेजलेला, ताणलेला, म्हणून मोह होतो. पण खेळ त्या चेहऱ्यावर नसतो. पळणारा कुणाच्या पाठीमागून वळला, बसलेल्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं, खो तिथंच का दिला, हे कळायला खांबाच्या मागून, उंचावरून, सगळी रांग एका चौकटीत हवी. ती चौकट सोडून क्लोजअपवर गेलात की हूल निसटते, आणि प्रेक्षकाला नुसती पळापळ दिसते. लीगनं मैदान आखूड केलं, डाव सात मिनिटांवर आणला, दोन्ही दिशांना पळू शकणारा ‘वझीर’ आणला. जुन्या जाणत्यांना हे खटकलं. प्रस्तुत लेखकाला वझीर अजूनही पचलेला नाही. आखूड मैदान मात्र कॅमेऱ्याच्या दृष्टीनं शहाणपणाचं वाटतं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारतीय संघ जिंकले. कर्णधार वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे.

त्याच महिन्याअखेर दिल्लीत आणखी एक गंमत झाली. विराट कोहली बऱ्याच वर्षांनी रणजी खेळणार असं ठरलं. दिल्ली विरुद्ध रेल्वे हा सामना थेट प्रक्षेपणाच्या यादीतच नव्हता. तो घाईनं यादीत आला आणि कॅमेरे लागले. कोहली सहा धावांवर त्रिफळाचीत झाला. त्याच हंगामात विदर्भाचा हर्ष दुबे 69 बळी घेऊन रणजीच्या एका हंगामाचा विक्रम मोडत होता, यश राठोड 960 धावा करत होता. विदर्भानं उपांत्य फेरीत मुंबईला हरवलं आणि जामठ्याच्या अंतिम सामन्यात केरळवर पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक घेतला, तिसऱ्यांदा. शेवटच्या फेऱ्यांपर्यंत त्यातलं किती लोकांनी पाहिलं?

इथं एक आडगोष्ट. कॅमेरे कमी असले की फक्त प्रसिद्धी हुकते असं नाही, न्यायही हुकतो. 2022 च्या रणजी अंतिम सामन्यात, मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश, कॅमेऱ्यांच्या मदतीनं पंचांचा निर्णय तपासणारं डीआरएसच नव्हतं. पंच म्हणतील ते खरं. आयपीएलच्या साध्या साखळी सामन्याला ते मिळतं.

अॅथलेटिक्सची कथा वेगळी आणि अधिक दुखरी. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये तिनं कांस्य घेतलं, राष्ट्रकुल स्पर्धांत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव घरोघरी गेलं, पाड्यापर्यंत कॅमेरे गेले. पण ते पदकानंतर. पंचवीस फेऱ्यांची शर्यत दाखवताना दिग्दर्शक साधारणपणे पहिली आणि शेवटच्या काही फेऱ्या ठेवतो, मधल्या वेळात भालाफेकीकडं वळतो. घोळक्यात कोण कधी मागं पडलं, कुणी वेग वाढवला, हे वळलेल्या कॅमेऱ्याला दिसत नाही. खेळाडूचं तंत्र असं मधल्या फेऱ्यांत हरवतं, आणि मग मुलाखतीत फक्त गरिबी विचारली जाते.

कायदा आहे, पण तो वरच्या मजल्यापुरता. 2007 च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं थेट चित्र प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारताचं क्रिकेट, ऑलिंपिक त्यात येतं. आश्रमशाळांच्या खो-खोचं चित्र कुणीच काढत नाही, तर वाटून काय घेणार?

सह्याद्री वाहिनी मराठी मुलखाची आहे, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या आहेत. दोघांनी मिळून राज्यस्तरीय आश्रमशाळा स्पर्धेचे निदान अंतिम सामने दाखवावेत. खो-खोला तीन कॅमेरे पुरतात: एक खांबामागं उंचावर, एक बाजूला, एक हातात. समालोचक मात्र खेळ खेळलेला, आणि शक्यतो त्याच डोंगरातला घ्यावा.