गेन कमी, हात जड

थ्रॅश मेटलची ऱ्हिदम गिटार लावताना पहिला मोह गेन वाढवण्याचा होतो, आणि तिथेच आवाज बिघडतो असे मला वाटते. तळहाताने तारा दाबून वाजवलेले जलद डाउनपिकिंग ऐकावे. त्याची ताकद दोन आघातांमधल्या शांततेत असते. जास्त डिस्टॉर्शन नेमकी तीच शांतता भरून टाकते. म्हणून ट्यूब स्क्रीमर या पेडलचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून तो ॲम्पच्या आधी जोडतात; बेस छाटला जातो आणि सुमारे ८२ हर्ट्झची सर्वांत जाड तार गढूळ होत नाही.

यावर कोणी १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' या अल्बमकडे बोट दाखवेल: तिथे तर मिड्स, म्हणजे मधल्या पट्ट्याचे आवाज, खाली ओढलेले ऐकू येतात. खरे आहे, मेसा बूगी मार्क टू-सी प्लस या ॲम्पचा ग्राफिक इक्वलायझर त्यासाठी प्रसिद्धच आहे. पण तिथे गिटारवादक जेम्स हेटफिल्डने तोच भाग पुन्हा तितकाच काटेकोर वाजवून थर चढवले आहेत. बोरी अरब गावातल्या एखाद्या खोलीत छोट्या ॲम्पवर एकट्याने वाजवताना मिड्स काढलेला आवाज भव्य भासतो. पण ड्रम आणि बेस आले की गिटार नाहीशी होते, कारण तिचे घर मधल्या पट्ट्यातच आहे. मुंबईच्या झायग्नेमासारखे बँड ऐकून हे वाजवू पाहणाऱ्या इथल्या मुलाला महागड्या ॲम्पआधी उजवा हात हवा. मात्र स्पीकरसमोरचा माइक इंचभर सरकवला तरी आवाजाचा पोत पालटतो. मग हाताचा वाटा नक्की किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.