नाणेघाटची वाट आणि एक जड चाक

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे मंचर मागें पडतांच डावीकडच्या डोंगररांगा हळूहळू जवळ येऊं लागतात, आणि नारायणगांवीं वळण घेऊन थोडें पुढें गेलें कीं शिवनेरी दिसूं लागतो. जुन्नर हें आमचें आजोळ असल्यामुळें ही वाट आम्हीं लहानपणापासून तुडविली आहे. परंतु गेल्या मार्गशीर्षांत याच वाटेवर जो प्रसंग ओढवला, त्यानें आमच्या घरांत दीड महिना वादास पुरेल एवढें खाद्य पुरविलें. वादाचा विषय होता मोटारीच्या पोटांतलें एक लोखंडी चाक. वाचकभगिनींस हा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. पण त्यांनीं थोडा धीर धरावा, कारण वादाचा निकाल अखेर आमच्या काकूंनींच लावला.

मोटारीची हकीकत आधीं सांगितली पाहिजे. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यांत सॅन मोटर्सनें ‘स्टॉर्म’ या नांवाची दोन बैठकांची, फायबरग्लासच्या अंगाची, छोटी शर्यती थाटाची मोटार बांधावयास घेतली. इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचें, १,१४९ घन सेंटिमीटरांचें. आमच्या काकांस वेगाची हौस. त्यांनीं ती घेतली. पुढें त्या मोटारी निघावयाच्या बंद झाल्या, आणि पांच वर्षांपूर्वीं काकाहि गेले. घरांत माणसें चौदा आणि गाडींत जागा दोघांची, तेव्हां ती विकून टाकावी असें वडिलधाऱ्यांचें मत पडलें. काकू एवढेंच म्हणाल्या, “त्यांनीं मला नाणेघाट दाखवायचं कबूल केलं होतं. तो झाला कीं खुशाल विका.”

म्हणून काकूंस शेजारीं बसवून आम्ही निघालों. जुन्नरास मुक्काम झाला. हें गांव पाहावयाचें तर दोन दिवसहि थोडे. सभोंवारच्या डोंगरांत शेंकडों लेणीं कोरलेलीं, लेण्याद्रीचा गणपति त्यांतल्याच एका लेण्यांत बसलेला. निजामशाहीची पहिली राजधानी येथेंच होती, आणि एके काळीं जुन्नरी कागदाची दूरवर ख्याति होती. काकू म्हणाल्या कीं त्यांच्या माहेरची जुनी पोथी त्याच कागदावरची. ती खरोखर जुन्नरीच कीं काय, हें आम्हीं विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपटाळ्यावरून चावंडकडे निघालों. जुन्नरापासून नाणेघाट सुमारें तीस किलोमीटर. चावंडचा किल्ला दिसूं लागला, चढ लागला, आणि जळक्या वासानें काकूंनीं नाकास पदर लावला. इंजिनाचा आवाज वाढत होता, पण गाडी पुढें सरकेना. क्लच घसरत होता. शेवटीं एका शेतकरी गृहस्थांनीं ट्रॅक्टर जोडून आम्हांस जुन्नरास परत आणिलें. काकू वाटेंत कांहींच बोलल्या नाहींत, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

गाडी ट्रकवर घालून आंबेगांव तालुक्यांत मंचरास आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं गिअरबॉक्स उतरविला आणि आम्हांस आंत पाहावयास बोलाविलें. हें आंतलें यंत्र समजावयास अवघड नाहीं. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर अर्ध्या फेऱ्यास एक स्फोट होतो. दोन स्फोटांच्या मधल्या क्षणीं मुख्य दांड्याची गति ढळूं नये म्हणून त्याच्या टोकास एक जड चाक बसवितात, तेंच फ्लायव्हील. क्लचची तबकडी स्प्रिंगच्या दाबानें या चाकाच्या तोंडावर घट्ट चिकटून असते, आणि तिच्यामार्फत जोर गिअरबॉक्साकडे जातो. पेडल दाबलें कीं एक बेअरिंग स्प्रिंगवर रेटा देतें व तबकडी सुटते. पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवला, तरी बेअरिंग झिजत राहतें, आणि दाब कमी पडला तर तबकडी घसरून तापते.

मिस्त्रींनीं तबकडी हातांत दिली. अस्तर झिजून रिव्हेटा उघड्या पडल्या होत्या. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा दिसत होत्या. मागच्या सीलमधून तेल गळलें असावें अशी आमची आशा होती. पण सील कोरडें होतें. मिस्त्रींनीं आमच्या डाव्या पायाकडे पाहिलें आणि सौजन्यानें विषय बदलला. दोष गाडीचा नव्हता. काका गेल्यापासून ती आम्हीच चालवीत होतों.

नुसते डाग असते तर तोंड घासून घेऊन भागलें असतें. चिरा पडलेलें चाक मात्र मिनिटास पांच हजार फेऱ्यांनीं फिरवावयाचें म्हणजे जिवाशीं खेळ. तेव्हां नवें चाक घेणें आलें, आणि तेथेंच वाद पेटला. आमचे धाकटे बंधू म्हणाले, “दादा, ही शर्यतीची गाडी. हलकं चाक घालूं. बघ कशी उसळते ती!” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. चाकाचें वजन मध्याजवळ असलें तर त्याचा प्रभाव थोडा, आणि काठावर असलें तर फार. अंतर दुप्पट झालें कीं प्रभाव चौपट. म्हणून काठावरचें लोखंड कमी केलें म्हणजे इंजिन पेडलच्या इशाऱ्यासरशीं धांवूं लागतें, आणि खालच्या गिअरांत त्याचा लाभ स्पष्ट जाणवतो.

मिस्त्रींचें मत निराळें पडलें. त्यांनीं बाकावर जुनें चाक ठेवून त्याच्या काठावरच्या खांचा दाखविल्या. इंजिनाचा मेंदू या खांचा मोजून ठिणगी केव्हां द्यावी तें ठरवितो. कांतून चाक हलकें करतांना त्या दुखावल्या, किंवा दुसऱ्याच गाडीचें चाक आणून बसविलें, तर इंजिन कदाचित् सुरूच होणार नाहीं. शिवाय बोल्टांचीं छिद्रें, स्टार्टरचे दांते, तबकडीचा व्यास, गिअरबॉक्सच्या दांड्यावरील खांचा, हें सारें जुळलें पाहिजे. “आणि साहेब,” ते म्हणाले, “तबकडी, प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. गिअरबॉक्स पुन्हां पुन्हां कोण उतरवणार?” सीलहि त्याच वेळीं नवें घालावें असें त्यांनीं सुचविलें.

घरीं रात्रीं हा वाद पुन्हां निघाला. काकू भाजी निवडीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या माहेरीं दोन जातीं होतीं. हलक्या जात्याला सारखा हात लावावा लागायचा. जड जातं सुरू व्हायला कष्ट, पण एकदां फिरलं कीं आपण ओवी म्हणावी आणि तें चालत राहावं. घाटांत तुम्हांला कुठलं हवं?” बंधू गप्प झाले. सपाट मैदानावर शर्यत करावयाची असती तर त्यांचेंच खरें ठरतें. चढावर थांबून पुन्हां निघतांना मात्र हलक्या चाकाचें इंजिन चटकन् बंद पडतें, आणि तें टाळण्यासाठीं क्लच अधिक घसरवावा लागतो.

त्याच रेनो इंजिनाच्या क्लिओ मोटारीचें मूळ वजनाचें चाक व क्लचचा संच इंग्लंडांतील आमच्या भाचीनें पाठविला. तो येईपर्यंत एकदां एस. टी. नें घोडेगांवास जाणें झालें. याच तालुक्यांतल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत काळबादेवीला परदेशी कापडाच्या लॉरीपुढें ते आडवे झाले आणि तिच्याखालीं प्राण दिला. त्यांच्या मुलखांत बसून आम्ही विलायतेहून येणाऱ्या लोखंडाची वाट पाहात होतों, हा विचार सुखाचा नव्हता. देशांत मिळतें तर घेतलें असतें, एवढेंच म्हणतों.

माल आला. मिस्त्रींनीं जुनें व नवें चाक शेजारीं मांडून छिद्रें आणि खांचा दोनदां मोजल्या, मग हात लावला. काकूंस बसविण्यापूर्वीं परीक्षा पाहावी म्हणून बंधूंस घेऊन घोडेगांवावरून डिंभ्याकडे गेलों. घोड नदीवरचें तें धरण; जुनें आंबेगांव, ज्याचें नांव तालुक्यास आहे, त्याच पाण्याखालीं गेलें. पुढें भीमाशंकरच्या वाटेवर तळेघरच्या चढाला मुद्दाम तीनदां थांबलों आणि तीनदां निघालों. वास आला नाहीं. बंधूंनीं एकदां चालवून पाहिली आणि “जड आहे खरी, पण ओढते,” एवढें कबूल केलें.

माघांत काकूंना नाणेघाट दाखविला. सातवाहनांच्या राणीचा ब्राह्मी लेख असलेलें लेणें, त्याच्या भिंतींवर कोरलेले जुने आंकडे, आणि ज्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असें सांगतात तो दगडी रांजण, सर्व त्यांनीं सावकाश पाहिलें. कोंकणांतून ओझीं घेऊन वर चढणाऱ्या माणसांची ती पायऱ्यांची वाट त्यांनीं वांकून पाहिली आणि रांजणावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. गाडी विकण्याविषयीं त्या कांहीं बोलल्या नाहींत, आम्हींहि विचारलें नाहीं.

परततांना चावंडचा चढ आला, तेव्हां त्यांचें सारें लक्ष आमच्या डाव्या पायाकडे होतें.