दोन दाखले

आमच्या घरचा नाताळ माझ्या लहानपणी गावात कधी झालाच नाही. दसरा झाला की आष्टी तालुक्यातली निम्मी गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली माणसं ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, लेकरं घालून कारखान्याकडं निघतात, ती उन्हाची तिरीप लागल्यावर परततात. 25 डिसेंबर नेमका गळिताच्या ऐन भरात येतो. त्यामुळं माझा नाताळ म्हणजे फडाच्या कडंला उसाच्या पाचटाची कोपी, कोपीच्या तोंडाला कंदील, आणि कंदिलाला मायनं पतंगाचा लाल कागद गुंडाळलेला. ती आमची चांदणी. तिकडं सुट्टी नसतेच. गाडी भरायला आली की रात्री दोन वाजतासुद्धा मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. माय त्या दिवशी पहाटे तीनला उठायची. चार वाजता कोयता हातात घ्यायच्या आधी गीत म्हणायचं आणि प्रार्थना करायची. आबा शेकोटीजवळ बिडी ओढत बसायचे, प्रार्थनेपुरती विझवायचे.

मायला अक्षर येत नव्हतं. ‘उपासना संगीत’चं पुस्तक मात्र तिच्या गाठोड्यात फडक्यात बांधलेलं असायचं. ते उघडायची नाही, तिला गीतं पाठच होती. “मग कशाला वागवती गं हे वझं?” असं मी एकदा विचारलं. “तुला वाचता यायला लागल्यावर मी चुकते का बघ,” म्हणाली. मी तिसरीत असताना बघितलं. दोन जागी चुकत होती. तिनं पुस्तकातलं मान्य केलं नाही.

येशू आमच्या घरात कसा आला याची गोष्ट आजा सांगायचा. नगर शहरात अमेरिकन मराठी मिशन 1831 पासूनचं. आष्टी तेव्हा निजामाच्या मुलखात, पण नगर एक-दोन दिवसांच्या चालीवर. 1899-1900 च्या दुष्काळात आज्याचा बाप बायकोपोरं घेऊन तिकडं कामाला गेला आणि परत आला तो बाप्तिस्मा घेऊन. गावानं लगेच नाव ठेवलं, ‘पोटाचे ख्रिस्ती’. हे नाव आम्हाला पुढं तीन पिढ्या पुरलं. आजा चिडायचा नाही. म्हणायचा, “व्हय, पोटासाठीच गेला व्हता माझा बाप. पर दुष्काळ हटल्यावर का सोडलं न्हाई, ते इचारा की.”

1972 ला मी सात वर्षांचा होतो. सरकारी कामावर मोठी माणसं खडी फोडायची, आम्हाला सुकडी मिळायची आणि घरात मायलोची लाल भाकरी. त्या दोन वर्षांत आमच्या रविवारच्या उपासनेला माणूस मावत नव्हता. सहा घरांची उपासना चाळीस माणसांची झाली. कुठून तरी मदत मिळेल ही आशा असायची, भीती असायची, काहींना खरीच तहान असेल. पुढं पाऊस पडला, जवारी आली आणि पुन्हा सहा घरं राहिली. मला फार वाईट वाटलं, कारण खेळायला पोरं उरली नाहीत. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, त्यांनी त्या वेळी पेरणाऱ्याचा दाखला वाचला. खडकाळीवर पडलेलं बी, माती खोल नाही म्हणून झटकन उगवलं आणि उन्हानं करपलं. आमच्याकडं हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. बालाघाटाच्या उतारावरची आमची जमीन तशीच मुरमाड, दोन बोटं माती आणि खाली खडक. पहिल्या पावसात सगळं शिवार हिरवं दिसतं.

दुसरा दाखला जातीचा.

मी दहावीला गेलो तेव्हा फॉर्म भरायची वेळ आली. पहिलीत गुरुजींनी जातीच्या रकान्यात ‘महार’ लिहून धर्माचा रकाना मोकळा सोडला होता. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी आबांना बोलावून सांगितलं, “हिंदू लिहू. पोराला भारत सरकारची स्कॉलरशिप मिळंल, होस्टेल मिळंल. घरात काय करायचं ते करा.” त्यांचं काही खोटं नव्हतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क फक्त हिंदूंना होता. पुढं 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला महार त्यात आजही नाही. पाणवठ्यावर तो महारच असतो, चावडीतही महारच, फक्त कागदावर नसतो. माझ्या चुलत्यानं आपल्या पोराचं तसंच लिहून घेतलं होतं. आबाही तयार झाले.

माय तयार झाली नाही. भांडली नाही, भाकरी थापता थापता म्हणाली, “घरात ठिवायचा आन् कागदावर नाकारायचा, असं कुण्या पावण्याला आपुन करतो का?” आबा म्हणाले, “अगं, लेकराचं वाटोळं करती का?” ती म्हणाली, “वाटोळं व्हईना त्याचं. मी हाय.”

फॉर्मवर ‘ख्रिस्ती’ लिहिलं गेलं. कॉलेजची फी ईबीसीत माफ झाली, पण खोलीचा आणि खानावळीचा खर्च उरलाच. त्यासाठी मायनं मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली. ती फिटायला दोन हंगाम लागले. दुसऱ्या हंगामात मुकादमानं हिशेबात काय केलं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तिच्यावर चिडलो, आणि तो राग बरीच वर्षं टिकला. चुलतभाऊ सरकारी नोकरीत लागला. मी बारावीनंतर शिक्षण सोडून आयटीआय केलं आणि एस.टी.च्या वर्कशॉपात लागलो. त्या काळात मी चर्चची पायरी चढलो नाही. कुणी विचारलं तर ‘आमचं काही नाही’ म्हणायचो. ज्या नावासाठी मायनं दोन हंगाम पाठ मोडून घेतली, ते नाव मी फुकटात लपवत होतो, हे मला कळायला वेळ लागला.

परत केव्हा गेलो, ते मला नेमकं सांगता येत नाही. मला काही दर्शन झालं नाही. डेपोतल्या एका सोबत्यानं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिलं होतं, त्यातली एक गोष्ट डोक्यात राहिली. नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाई नवऱ्यामागं लगेच गेल्या नाहीत. रडल्या, वेगळ्या राहिल्या, मग शिवाशिव एकेक करून सोडत, स्वतःशी भांडत, काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी तिथं पोहोचल्या. टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढं पुरं केलं ते या उशिरा आलेल्या बाईनंच. मला त्यात धीर वाटला. एका रविवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. पुढच्या रविवारीही गेलो.

चुलतभावाला मी नावं ठेवत नाही. नाताळाला तो येतो, पाकिटात पैसे घालून दानपेटीत टाकतो, पण फोटो काढू देत नाही. हे त्याचं दुखणं कायद्यानं दिलेलं आहे, आणि माझ्या आईसारखी आई प्रत्येकाला असतेच असं नाही.

मधल्या काळात गावात नवीन प्रार्थनासभा सुरू झाली. बाहेरून एक उपदेशक यायचा. पत्र्याचं शेड, मोठे स्पीकर, कीबोर्ड. आजारी माणसं यायची, काहींना उतारही पडला म्हणायचे. माझा पुतण्या त्यात पुढं होता. कीबोर्ड तोच वाजवायचा, मोबाईलच्या स्टेटसला रोज वचन, हातात क्रुसाचं कडं. मला हसू यायचं. माय मला दटावायची. “हसू नगं. तू तर धा वर्सं कुठं व्हतास?” ती स्वतः शेडमध्ये जाऊन मागं पोत्यावर बसायची. आवाज फार व्हतो, एवढीच तिची तक्रार.

दीड वर्षात उपदेशक यायचा बंद झाला. शेडचे पत्रे कुणी तरी काढून नेले. पुतण्याच्या हातातलं कडं गेलं, आता तो क्रिकेटच्या टीमचं बघतो. कीबोर्ड आमच्या घरात कांद्याच्या गोण्यांमागं पडून आहे.

त्याची बायको मात्र मायकडं येत राहिली. ती त्या सभेत कधी पुढं दिसली नव्हती. दुपारी यायची, मायचे पाय चेपायची, तिच्याकडून गीतं शिकायची. वाचता येत असून पुस्तक हातात घ्यायची नाही, कारण मायची चाल पुस्तकात नाही. मायची चूकसुद्धा तिनं तशीच उचलली आहे.

गेल्या हंगामात दोघं नवरा-बायको कोयत्यावर सांगलीकडं गेली होती. 24 डिसेंबरला रात्री साडेनवाला फोन आला. मायला आता कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर लावला.

“सलाम आजी. तिसरं कडवं आठवंना झालंय. सांगा की.”

“कोपीतच हायेस का गं? थंडी लई आसंल.”

“व्हय. कंदील लावलाय. हे झोपल्यात.”

मायनं पहिल्यापासूनच सुरुवात केली, मधून म्हणणं तिला जमत नाही. दुसरं कडवं संपलं आणि तिकडून कुणाची तरी हाक ऐकू आली. पोरगी म्हणाली, “आजी, गाडी आली भरायला,” आणि फोन बंद झाला. मायला ते ऐकू गेलं नाही. ती तिसरं कडवं म्हणत होती.