आमचे सतरा पैसे

जानेवारीत सातवीच्या वर्गात ‘नाणी आणि चलन’ हा विषय घेत होतो. आदल्या दिवशी मुलांना सांगून ठेवलं होतं, घरात जुनं नाणं असेल तर घेऊन या. बऱ्याच जणांनी वीस पैसे, चार आणे आणले. एका मुलीनं चिंधीत बांधून भोकाचा पैसा आणला. १९४३ ते ४७ या काळातला तांबूस पैसा, मधोमध मोठं भोक. आजोबांच्या लहानपणी तो त्यांच्या करगोट्याला बांधलेला असायचा, असं तिनं सांगितलं.

फळ्यावर कोष्टक मांडलं. एक रुपया म्हणजे १६ आणे, एक आणा म्हणजे ४ पैसे, एक पैसा म्हणजे ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५ सरळ जुळले, पण एका आण्याचे सव्वासहा! मग एका आण्याला ६ आणि दोन आण्यांना १२ नवे पैसे असा हिशेब ठरला. मुलांना यात मजा वाटली. “सर, मग वरचा पाव पैसा कोन घेतला?” असंही एकानं विचारून घेतलं. शेवटी मी फळ्यावर लिहिलं : आणा – बंद.

तेवढ्यात भोकाच्या पैशाची मालकीण उभी राहिली. “बंद कुठी झाला सर? आमच्या घरी त सारखी आणेवारीच चालू रायते.”

खरंच की! आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पावसानं दगा दिला की चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत हाच शब्द. सरकारी कागदावर ती ‘पैसेवारी’ झाली, पण बोलण्यात आणेवारीच राहिली. तास तिकडे वळला, मीही वळू दिला.

पीक पूर्ण आलं तर सोळा आणे, निम्मं आलं तर आठ आणे, म्हणजेच आजचे ५० पैसे. गावातली काही शेतं निवडून तिथल्या ठरावीक तुकड्यातलं पीक काढतात, तोलतात आणि अपेक्षित उत्पन्नाशी ताडून पाहतात. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी जाहीर होते. पन्नासच्या आत आलेली गावं टंचाईग्रस्त ठरत आली आहेत. मग जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ अशा गोष्टी पुढे येतात. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालतं, पण दुकानात कोणी हातात धरत नाही. इथं मात्र एकेका पैशावर गाव अडतं.

मी गणित घातलं. समजा, एकरी ८ क्विंटल कापूस अपेक्षित आहे आणि ४ आला, तर किती? पन्नास. “आता घरी विचारा, तुमच्या वावरात किती झाला, आणि उद्या पैसेवारी काढून आणा.”

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची वही पाहिली. कोरडवाहू वावर, एकरी २ क्विंटल ८० किलो. उत्तर, ३५ पैसे. गणित बरोबर होतं. गावाची अंतिम पैसेवारी आली होती ५२.

“सर, मंग आमचे सतरा पैशे कुठी गेले?”

मी सरासरी समजावली. नाल्याकाठची, विहिरीची वावरं असतात, त्यांचं पीक चांगलं येतं, सगळ्यांची बेरीज करून भागायचं. हे बोलताना मला स्वतःलाच ते पोकळ वाटत होतं. वर्गातली निम्मी मुलं कोरडवाहूवाल्यांची. ५२ हा आकडा खोटा नव्हता, आणि तिचे ३५ देखील खोटे नव्हते.

फळ्यावरचं ‘बंद’ पुसलं. तिनं वहीत खाली आणखी एक ओळ लिहिली होती, आजोबांना कळावं म्हणून पैशांचे आणे केलेले : साडेपाच आणे आणि थोडं वर.

“आज्यानं लगेच बोटं मोजली,” ती म्हणाली. “म्हने, आठाच्या खाली हाय. मंग दादाची धाव्वीची फी वापस भेटन का, सरले इचार.”